शेजारचं रडणं

दुपारी शेजारचं मूल रडायला लागलं म्हणून मी उठून खिडकी लावली. एवढंच झालं. खिडकी लावणं हे काही सांगण्यासारखं काम नव्हे, आणि मी तर जन्मभर काचेचा धंदा केलेला माणूस, लोकांच्या खिडक्या बसवण्यातच केस पांढरे झाले. पण संध्याकाळी मुलगी कामावरून आली, मी कचऱ्याची बादली घेऊन खाली निघालो, तर जिन्यात शेजारीण भेटली. एका हातात दोन पिशव्या आणि खांद्यावर झोपलेला भोंगा. भोंगा हे तिच्या मुलाचं मी ठेवलेलं नाव, तिच्यासमोर घेत नाही. मी आपलं सहज विचारलं, "दुपारी फार रडत होता, बरं नाही का त्याला?" तर म्हणाली, "अहो काका, आम्ही होतो कुठे घरी? सकाळीच आईकडे गेलेलो, ते आत्ता येतोय." आणि कुलूप काढून आत गेली. मी बादली धरून पायरीवर तसाच. आमच्या मजल्यावर बिऱ्हाडं दोनच, त्यांचं आणि आमचं. वर गच्ची, खाली एका वकिलाचं ऑफिस, आणि वकील काही भर दुपारी असा रडणार नाही. मग रडलं कोण?

आता आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा म्हातारा एवढा का दचकला ते कळायचं नाही. आमच्या घरात मूल आहे, माझ्या मुलीची मुलगी, दीड वर्षाची. मी तिला सरकार म्हणतो, कारण ती बोट दाखवते आणि आम्ही पळतो. सरकार रडतं, हसतं, रागावतं, पण त्यातलं काही ऐकू येत नाही. जन्मली तीच फार आधी, आणि तिची श्वासाची वाट इतकी अरुंद निघाली की गळ्याला खाली भोक करून त्यात एक छोटी वाकडी नळी बसवावी लागली. श्वास तिथूनच आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो. आवाजाच्या पडद्यापर्यंत हवा चढतच नाही, तर आवाज येणार कसा. पेटी आहे, भाता आहे, सगळं जागच्या जागी आहे, पण हवा खालच्या दारानेच निघून जाते. पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं ते दवाखान्यातल्या काचेआडून. तोंड उघडलेलं, चेहरा लाल, हाताच्या मुठी वळलेल्या. मला वाटलं काच जाड आहे म्हणून ऐकू येत नाही. काचेची जाडी मला बघून कळते, ती काही एवढी जाड नव्हती. मग नर्सने दार उघडून मला आत घेतलं, तरी तसंच.

जे ऐकू येत नाही ते बघावं लागतं. घरी आणल्यावर मुलगी सरकारवरून नजर हटवेना. पाणी प्यायला गेली तरी उलटी चालत जायची. नळीत कफ अडकला तर मूल ओरडून सांगणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि खरंच होतं ते. मला दुसरं काय येतं? मी आरसे आणले. पहिला स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, जरा पुढे झुकवून. दुसरा बोळकांडीत, म्हणजे बाहेरचं दार उघडताक्षणी आतला पाळणा दिसावा. मग न्हाणीघराच्या चौकटीत एक, बाल्कनीत एक. जावई लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, आठवड्यातले दोन दिवस घरी. तो परत आला तेव्हा चारी बाजूंना स्वतःलाच बघून म्हणाला, "बाबा, आता दाढीकटिंगची पाटीच लावू या." मुलगी हसली नाही. ओट्याशी जाऊन उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "थोडा डावीकडे." मी थोडा डावीकडे केला. मग तिने बऱ्याच दिवसांनी सरकारकडे पाठ करून कांदा चिरला. कांद्याने डोळ्यांना पाणी येतं, तेव्हा पुढचं मी बघितलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही डोळ्यांचे झालो. माझी गंमत अशी की धंद्यात मी कानाचा माणूस. काच कापताना कटरच्या बारीक चाकाची रेघ डोळ्याने तपासायची नसते, ऐकायची असते. रेघ चांगली असली की एकसारखा बारीक आवाज येतो, नवं कापड फाडल्यासारखा. तो मध्ये तुटला की समजायचं, काच वेडीवाकडी फुटणार. दुकान भाच्याकडे देऊन मी सरकारच्या सेवेत रुजू झालो आणि कान खुंटीला टांगले. घरात उगाच बोलणंही कमी झालं. खरं तर आपण बोललं पाहिजे होतं, डॉक्टरीणबाई सांगतच होत्या की तिच्याशी खूप बोला. पण समोरचा बोलत नसला की आपलं बोलणं हळूहळू आटतं. संसारात मी ते एकदा अनुभवलं होतं, भांडणानंतर. हे तर भांडणाशिवायच.

आणि तरी, जिन्यात उभा राहून मी दुपार पुन्हा उलगडली तेव्हा सगळं लख्ख होतं. मी ओट्याशी कफ ओढायच्या नळ्या धूत होतो. रडणं ऐकू आलं. घोगरं, बारीक, मध्येच तुटणारं. मी मनात म्हटलं, आज भोंग्याला सर्दी झालेली दिसते. मग सवयीने वर आरशात बघितलं, तर सरकारही तोंड उघडून रडत होतं. मी म्हटलं, घ्या, दोघांनी एकदमच सुरू केलं. आणि मी आधी खिडकी लावली. सरकारकडे नंतर गेलो. उचलून घेतलं, ती शांत झाली, आणि भोंगाही गप्प झाला. मी तिला म्हटलंसुद्धा, "बघ, खिडकी लावली की कसं बरं वाटतं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्यातल्या माणसाला निदान कळसा हवा तरी असतो. मी तर कळशाचा आवाज आला म्हणून दार लावून घेतलं.

खिडकी आधी का लावली, याचं उत्तर मला माहीत आहे. भोंग्याचं रडणं मला सोसत नाही. पोर गोड आहे, गालाला खळी आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण तो असा मनसोक्त रडतो, भूक लागली म्हणून, झोप आली म्हणून, आणि कधी काहीच नाही म्हणूनही, की ऐकताना मला सरकारचं नुसतं उघडं तोंड दिसतं. आणि मुलगी घरी असली तर तिचा हात चालता चालता थांबतो. म्हणून तो सुरू झाला की मी खिडकी लावतो. हे काम इतकं अंगवळणी पडलेलं की कान उघडे ठेवायचं सुचलंच नाही.

वर आल्यावर मुलीला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण एकदा हे झालेलं आहे. आमच्या बाल्कनीच्या दाराला वर काचेचं तावदान आहे, त्यात मी रंगीत तुकडे बसवतो. त्याला कारण सरकारच. दवाखान्यात एक तक्ता लावलेला असे, अमुक महिन्याला मूल बसतं, अमुक महिन्याला रांगतं. मुलगी तो बघून आली की जेवायची नाही. मी म्हटलं, तो तक्ता लोकांच्या मुलांचा, आपला आपण करू. तेव्हापासून सरकारने काही नवीन केलं की एक तुकडा. श्वासाच्या मशीनशिवाय पहिली झोप, निळा. पहिल्यांदा पालथी पडून मान उचलली, पिवळा. पहिली शिंक, तीसुद्धा नळीतून, आणि कफाचा गोळा थेट जावयाच्या चष्म्यावर. त्याला नारिंगी. त्या दिवशी जावयाने चष्मा पुसला नाही, तसाच सगळ्यांना दाखवत फिरला. भोंग्याच्या घरी शिंकेचं कौतुक कोण करतं? आमच्याकडे शिंकेला पेढ्याची किंमत. लाल तुकडा मात्र मी राखून ठेवला होता. चांगली लाल काच सहज मिळत नाही. एका जुन्या कपाटाच्या दारातून निघालेली ती, वर्षानुवर्षं कापसात गुंडाळून ठेवलेली. कशासाठी ते कुणी बोललं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मागे एका सकाळी मुलगी ओरडली, "बाबा, ऐका, बोलतेय ती." खरंच आवाज येत होता, शिटीसारखा. जावयाला फोन, मावश्यांना फोन, संध्याकाळी केक. मी लाल तुकडा बसवला, पुट्टी माझ्या हाताने लिंपली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कान लावला आणि हळूच म्हणाल्या, "हा आवाज नळीचा आहे. कफ सुकलाय, त्यातून हवा शिटी मारतेय." कफ ओढला, शिटी थांबली. घरी आल्यावर मुलीने पायातली चप्पलसुद्धा काढली नाही, सुरी घेतली आणि ओली पुट्टी खरवडून लाल तुकडा काढला. माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "पुन्हा असलं काही मला सांगू नका." सांगितलं होतं तिनेच, पण मी वाद घातला नाही. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक कसं प्यायचं ते शिकवू नये.

आणि आता तर पुढच्याच आठवड्यात तारीख होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मूल वाढतं तशी वाटही वाढते, कधीकधी नळीच्या कडेने हवा वर जायला लागते. तसा जरासा आवाज जरी ऐकू आला तरी सांगा, मग आपण वाट बघू, नळीला बूच लावून बघू. नाहीच आला तर ऑपरेशनचं ठरवू. ऑपरेशन म्हणजे बरगडीतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून ती श्वासनलिकेत बसवायची, रुंद करायला. त्या सांगत होत्या शांतपणे, मला मात्र त्या इवल्या बरगड्या दिसत होत्या, श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या. म्हणजे माझ्या कानावर एक मोठं काम अवलंबून होतं, आणि त्या कानाने खिडकी लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी एकाच उद्योगाला लागलो. घरातलं मूल रडावं म्हणून झटणारा आजोबा कुणी पाहिला नसेल, मी तो झालो. मुलगी कामाला गेली की दार लोटायचं आणि सरकारला छळायचं. तिचा चमचा काढून घेतला. तिने माझ्याकडे दयेने बघितलं आणि खालून दुसरा उचलून मलाच दिला. तिचं आवडतं फडकं उशीमागे लपवलं, तर तिने आरशात बघून ते कुठे आहे ते बोटाने दाखवलं. माझेच आरसे माझ्यावर उलटले. मग मी भयंकर तोंडं केली, डोळे फिरवले, दातांची कवळी अर्धी बाहेर काढली. ती हसली. हसली म्हणजे खांदे हलले, पोट हललं, डोळे बारीक झाले. आवाज नाही. मी जवळ जाऊन तिच्या तोंडाशी कान लावला तर तिने कान धरून ओढला. रडवायचा हमखास उपाय म्हणजे कफ ओढणं, तेव्हा ती रोज रडते. पण मशीन सुरू केलं की ते असं घरघरतं की शेजारी तोफ डागली तरी कळू नये, आणि मशीन बंद झालं की हिचं रडणंही बंद. तेव्हा मला प्रश्न पडला, हा आवाज कधीपासून येतोय? काल एकदाच आला, की कित्येक दिवस रोज येतोय आणि आम्ही त्यावर मशीन लावतोय, खिडकी लावतोय? या विचाराने मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते कुतूहल. आत कुणीतरी आहे आणि आपल्याला त्याचा आवाज माहीत नाही, असं काहीतरी.

कारण कसा असेल तो, हा विचार मी कितीदा केलाय. नाक जावयाचं, कपाळ माझं, हट्ट मुलीचा, हे सगळं वाटून झालं होतं. आवाजाची वाटणी राहिली होती. मला गुपचूप वाटायचं, हिच्यावर जावा. ही म्हणजे माझी बायको, सरकारची आजी, तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज खणखणीत होता. तेव्हा आम्ही दुकानाच्या वरच राहायचो, वरच्या खिडकीतून हाक मारली की खाली दुकानात माझ्या हातातली काच थांबायची, गिऱ्हाईक म्हणायचं, जा बाबा, आधी वर जा. पण तो होता कसा? खणखणीत हा माझा शब्द झाला. हाक मला आठवते, आवाज आठवत नाही. डोळे मिटून बघतो तर ती खिडकीत उभी, ओठ हलताहेत, आणि मी खाली. तिच्याही गळ्याला कुणी नळी बसवल्यासारखं. चेहरा एका तिळासकट शाबूत आहे. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण जपून ठेवतं? आपल्याला वाटतं ती आहेच. मी सरकारच्या छातीला कान लावून बसायचो तेव्हा खरं सांगायचं तर दोघींना शोधत असायचो.

तारीख परवावर आली. मी हरलो होतो. भास झाला असेल, म्हाताऱ्या कानांचं काय, असं स्वतःलाच समजावून झालं. त्या दुपारी मी सरकारला कुस्करलेलं केळं भरवत होतो. एरवी ती दोन घासांत ओकारी काढते, पोटात दूध सोडायच्या दुसऱ्या नळीवरच वाढलेली ती. आज तिने घास घेतला, विचार केला, गिळला. मग दुसरा. मग वाटीच धरली आणि चाटूनपुसून मोकळी झाली. एक अख्खं केळं, तोंडाने. मी वाटीच्या तळाकडे बघत राहिलो. आवाज राहू दे बाजूला, हे काय कमी झालं? याला हिरवा. ऊर असा भरून आला की मुलीची घरातली ताकीद मी विसरलो. घरात काच कापायची नाही, बारीक कण हवेत जातात, हे तिचं म्हणणं अगदी रास्त. पण दुकान लांब, आणि हिरवी काच कपाटात तयार. मी सरकारला खोलीत तिच्या उंच खुर्चीत बांधलं, लांब बाल्कनीत कठड्याशी फळी मांडली, तिच्याकडे पाठ केली. पाठ केली तरी समोर आरसा होताच.

चाकाला लावायचं तेल दुकानात राहिलं होतं. कोरडंच चाक टेकवलं आणि ओढलं. काचेवर कोरडं, झिजलेलं चाक घसरलं की जो आवाज होतो तो ऐकून माझ्या हाताखाली शिकणारी पोरं कान धरायची. दात आंबतात. माझी मान शरमेने खाली गेली, चाळीस वर्षांत अशी रेघ मारली नव्हती. वर बघितलं तर आरशात सरकारचे खांदे हलत होते. तोंड उघडं, डोळे बारीक. आणि शेजारून कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं.

माझा हात खरंच दाराकडे गेला. लावून घ्यायला. मग थांबला. मी आरशातून नजर काढली आणि वळलो, आणि वळल्यावर ते हसणं तिच्या तोंडातून येत होतं.

मी पुन्हा चाक टेकवलं. मुद्दाम, तिरकं, सगळा जोर काढून. किंचाळली काच, आणि सरकारही. मी थांबलो की ती थांबायची आणि बोटाने काच दाखवायची. मी रेघ मारायची, तिने हसायचं. हिरव्या काचेची पार चाळण झाली, एकही तुकडा सरळ निघणार नव्हता. जन्मभर मी चांगली रेघ मारली, वाईट रेघ मुद्दाम मारायचं सुख मला ठाऊकच नव्हतं. आणि मी ऐकत होतो. घोगरा आवाज, मध्ये हवा फसणारा, शेवटाला वर चढणारा. मी त्यात हिला, सरकारच्या आजीला, शोधलं. नव्हती. मुलीचा नव्हता, माझा नव्हता. कुणासारखाच नव्हता तो. असला आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, आणि याचं मला वाईट वाटायला हवं होतं तर हसूच फुटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याच वेळी बाहेरच्या दारात किल्ली फिरली. मुलगी लवकर आली होती. दार उघडलं आणि तिथूनच तिचा करडा सूर, "बाबा, कुणाचं बाळ आणलंय घरात? किती वेळा सांगितलं, भोंग्याला सर्दी आहे, परवा आपल्याला दवाखान्यात जायचंय." भोंगा हे नाव तिलाही माहीत होतं तर.

तिला सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं. मी कोरडं चाक काचेच्या उरलेल्या कोपऱ्यावर ठेवलं आणि आणखी एक वाईट रेघ मारली, आणि आत ते घोगरं हसणं पुन्हा सुरू झालं. बोळकांडीतल्या आरशातून पाळणाही दिसतो आणि खुर्चीही, मीच तसा लावलाय. आणि ज्या आरशातून तिला आम्ही दिसतो त्यातून आम्हालाही ती दिसते. ती दिसली. पिशवी खांद्यावरच, किल्ली हातात, मान जरा वाकडी करून ती सवयीने आरशात बघत होती, शेजारचं मूल कुठे बसवलंय ते शोधत होती. पाळण्यात बघितलं, पलंगावर बघितलं, जमिनीवर बघितलं. आरशात एकच मूल होतं.